विद्यापीठ सेवकांनी संघटित का व्हावे?

(विद्यापीठ व महाविद्यालयीन सेवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या सभागृहात अध्यापक आहेत, कारकून आहेत, प्रयोगशाळा व ग्रंथालय परिचर आहेत, शिपाई व पहारेकरी आहेत आणि मागच्या रांगेत सफाई कामगारही आहेत. हे सारे एकाच आवारात दिवसाचे आठ तास घालवतात. पण एका छताखाली, एका विचारासाठी, असे क्वचितच बसतात. म्हणून प्रारंभीच या सभेच्या संयोजकांचे अभिनंदन करतो आणि मला नेमून दिलेल्या प्रश्नाकडे वळतो. विद्यापीठातील सेवकाने कामगार संघटनेचे सभासद का व्हावे, त्यात त्याचा लाभ कोणता, हा तो प्रश्न.

हा प्रश्न गिरणीत कोणी विचारत नाही. गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात, एस.टी.च्या आगारातही तो फारसा ऐकू येत नाही. तो विद्यापीठातच विचारला जातो, याचे कारण समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे विद्येच्या व्यवसायाभोवती पावित्र्याचे एक वलय आहे. अध्यापकाला वाटते, आपण गुरू आहोत. गुरूने वेतनाची भाषा करावी काय? कारकुनाला वाटते, आपण पांढरपेशे आहोत; युनियन ही घामाने भिजलेल्या माणसांची गोष्ट. आणि जो खरोखर घामाने भिजतो, तो झाडूवाला, माळी, पहारेकरी, त्याला तर विद्यापीठाचा सेवक म्हणून कोणी मोजतही नाही. तो कंत्राटदाराचा माणूस! अशा रीतीने एक जण प्रतिष्ठेपायी, दुसरा संकोचापायी आणि तिसरा भीतीपायी एकटा राहतो. या तिन्ही एकटेपणांचा लाभ मात्र एकाच ठिकाणी जमा होतो.

आपण गिरणी कामगार नव्हे, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की रविवारी तुमचे कार्यालय बंद का असते? साप्ताहिक सुट्टी ही काही विद्यापीठाच्या अधिसभेने ठराव करून दिलेली देणगी नव्हे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, मोठ्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्या सुट्टीचा उपभोग घेताना आपल्याला गिरणी कामगारांशी असलेल्या नात्याचा संकोच वाटत नाही. मग संघटित होतानाच तो का वाटावा?

कायद्याच्या आरशात विद्यापीठ

विद्यापीठात काम करणारा माणूस कामगार आहे की नाही, हा वाद आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही झालेला आहे आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. दिल्ली विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयात विद्यार्थिनींची ने-आण करण्यासाठी बसगाड्या होत्या. गाड्या तोट्यात चालतात म्हणून विद्यापीठाने ती सोय बंद केली आणि चालकांना घरी पाठवले. दोन चालकांनी छाटणीची भरपाई मागितली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की विद्यादान हा उद्योग नव्हे. तेथे मुख्य काम अध्यापकांचे, बाकीच्या सेवकांचे काम गौण. म्हणून औद्योगिक विवाद कायदा विद्यापीठाला लागू नाही. हा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. श्रमिकांविषयी सहानुभूती असलेले ते न्यायाधीश होते, हे ध्यानात घेतले म्हणजे विद्येच्या पावित्र्याची कल्पना किती खोलवर रुजलेली आहे हे कळते. गाडी हाकणाऱ्याचे पोट इतरांच्या पोटाहून वेगळे नसते. पण तो कारखान्याऐवजी विद्यापीठाची गाडी हाकत होता, म्हणून त्याला भरपाई नाकारली गेली!

पुढे १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या प्रमुख निकालपत्राद्वारे, हा निर्णय फिरवला आणि विद्यापीठ हाही उद्योगच होय असे ठरवले. त्यानंतर १९८८ मध्ये गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की शिक्षणसंस्था उद्योग असली तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत बसणारा कामगार नव्हे. म्हणजे एकाच आवारातील शिपायाला एक कायदा आणि अध्यापकाला दुसरा. १९७८ च्या निर्णयाचाही फेरविचार व्हावा म्हणून २०१७ मध्ये तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

या साऱ्यातून मी दोन गोष्टी शिकावयास सांगतो. पहिली ही, की न्यायालयाच्या एका व्याख्येने मिळालेला हक्क दुसऱ्या व्याख्येने जाऊ शकतो. त्याच्यामागे संघटनेचे बळ नसेल तर तो कागदावरचा हक्क आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कायदा आपली विभागणी करतो. ती विभागणी आपण मनानेही स्वीकारावी असे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. संघ स्थापन करण्याचा मूलभूत हक्क संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने सर्व नागरिकांना दिला आहे. तो अध्यापकाला आहे तसाच सफाई कामगारालाही आहे.

संरक्षण

आता लाभांकडे येऊ. पहिला लाभ संरक्षणाचा. मद्रासमध्ये १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. मालकांनी १९२० मध्ये त्यांच्यावर उच्च न्यायालयात दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला. कामगारांना एकत्र येण्यास सांगणे हाच त्या काळी दिवाणी अपराध ठरत होता. हे पाहून आपल्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघांच्या कायद्याची मागणी केली. पाच वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ चा कायदा झाला. सात माणसांना एकत्र येऊन संघाची नोंदणी मागता येऊ लागली. संघाच्या वैध कार्याबद्दल कटाचा आरोप अगर नुकसानभरपाईचा दावा लागू नये अशी तरतूद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि १९२६ चा कायदा तिच्यात विलीन झाला. परंतु नोंदणीकृत संघाला असलेले हे कवच तिनेही काढून घेतलेले नाही.

रोजच्या व्यवहारात या संरक्षणाचा अर्थ काय? एखाद्या सेवकाला आरोपपत्र मिळते. त्याची भाषा त्याला समजत नाही. खुलासा किती दिवसांत द्यावयाचा, कोणती कागदपत्रे मागावयाची, साक्षीदाराची उलटतपासणी करता येते की नाही, हे त्याला ठाऊक नसते. भीतीने तो वरिष्ठांच्या दालनात जातो आणि सांगितलेल्या मजकुराखाली सही करून येतो. पुढे ती सहीच त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. संघटनेचा सभासद असता तर सही करण्यापूर्वी तो कोणाला तरी विचारू शकला असता. आपल्या राज्यातील विद्यापीठ कायद्यात गाऱ्हाणे निवारण समिती आहे, बडतर्फी अगर पदावनतीविरुद्ध दाद मागण्यासाठी न्यायाधिकरण आहे. पण तेथे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते. एकट्या माणसाचे ते ३० दिवस रडण्यात आणि रदबदली करण्यात निघून जातात.

वाटाघाट

दुसरा लाभ वाटाघाटीचा. विद्यापीठ सेवकाचे वेतन ठरते कसे, हे पाहा. केंद्राचा वेतन आयोग अहवाल देतो. अध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग श्रेणी सुचवतो. राज्य शासन आपल्या सोयीने, आपल्या अटी घालून, शासन निर्णय काढते. मग विद्यापीठ परिपत्रक काढते. त्यानंतर वेतननिश्चिती, तिची पडताळणी, त्रुटी, पुन्हा पडताळणी. या पाच-सहा पायऱ्यांपैकी प्रत्येकीवर फाईल थांबू शकते आणि प्रत्येकीवरचा अधिकारी सांगू शकतो, की प्रश्न माझ्या हाती नाही. विद्यापीठ म्हणते, पद मंजूर करणे शासनाकडे. शासन म्हणते, विद्यापीठ स्वायत्त आहे. एकट्याचा अर्ज या दोन दारांमध्ये जन्मभर ये-जा करतो. दोन्ही दारांवर एकाच वेळी थाप मारण्याचे सामर्थ्य संघटनेतच असते. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या शिक्षकेतर सेवकांनी प्रथम परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला व नंतर बेमुदत संप केला. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि आश्वासित प्रगती योजना हे त्यांच्या मागण्यांचे मुख्य सूत्र होते. वर्षानुवर्षे एकाच पदावर काम करणाऱ्या, बढतीची जागाच नसलेल्या कारकुनाला ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळावी, एवढाच त्या योजनेचा अर्थ. मिळालेला हा लाभ शासनाने निर्णय मागे घेऊन काढून घेतला होता. अर्ज, विनंत्या, निवेदने सारे झाले होते. परीक्षेचे वेळापत्रक डळमळू लागले तेव्हाच मंत्रालयाचे दार उघडले, हे दुर्दैव खरे. पण त्याची जबाबदारी दार ठोठावणाऱ्यावर टाकावी, की ते आतून लावून बसणाऱ्यावर?

त्यापूर्वी २०१३ मध्ये अध्यापकांच्या महासंघाने फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षाकार्यावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या, नेट-सेट उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न, हे त्या लढ्याचे विषय होते. तो लढा लांबला, उच्च न्यायालयात गेला, अध्यापकांचे वेतन अडले आणि जनमतही त्यांच्यावर रुष्ट झाले. या लढ्याचे उदाहरण मी मुद्दाम देतो. संघटना म्हणजे हमखास विजयाचे तिकीट नव्हे. विद्यार्थ्यांना व पालकांना आपली बाजू आधी समजावून न सांगता केलेल्या आंदोलनाची किंमत मोठी पडते. संप हे शेवटचे शस्त्र. ते म्यानात असतानाच ज्याचा धाक वाटतो ती संघटना खरी बलवान.

मागच्या रांगेतील माणूस

आता मी ज्या प्रश्नाला सर्वांत अधिक महत्त्व देतो त्याकडे येतो. आजच्या विद्यापीठात कायम सेवकांच्या जोडीने, आणि अनेक विभागांत त्यांच्याऐवजी, तासिका तत्त्वावरील अध्यापक, सहा महिन्यांच्या नेमणुकीवरील लिपिक आणि बाह्य यंत्रणेकडून आणलेले पहारेकरी व सफाई कामगार काम करीत आहेत. तासिकेवरील अध्यापक वर्गात जे शिकवतो ते कायम अध्यापकाच्या शिकवण्यापेक्षा वेगळे नसते. पण सुट्टी लागली की त्याची चूल थंड होते. उत्तरपत्रिका, मूल्यांकन, प्रवेशाची कामे यांत त्याचे जे तास जातात ते तासिकेत मोजले जात नाहीत.

या माणसाला न्यायालय काय सांगते? २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रीतसर निवडप्रक्रियेशिवाय नेमलेल्या तात्पुरत्या सेवकाला कायम होण्याचा हक्क नाही. त्याआधी २००१ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील रोजंदारी कामगारांच्या खटल्यात न्यायालय म्हणाले होते, की मंजूर पदेच नसतील तर कायम करता येत नाही आणि पद निर्माण करणे विद्यापीठाच्या हाती नाही. महात्मा फुल्यांच्या नावाच्या विद्यापीठात राबणाऱ्या शेतमजुरांच्या वाट्याला हा निकाल यावा, यावर मी भाष्य करीत नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात एक मौल्यवान कलम आले: कामगाराला कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली, हंगामी अगर तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा होय. एस.टी. महामंडळाच्या गाड्या साफ करणाऱ्या रोजंदारी कामगारांनी या कलमाचा आधार घेतला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की उमादेवी निकालामुळे औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार नष्ट होत नाही. हा दावा कोणा एका सफाई कामगाराने लढवलेला नाही. त्याच्याकडे वकिलाची फी नव्हती आणि वीस वर्षे थांबण्याइतकी शिल्लकही नव्हती. तो लढवला त्याच्या संघटनेने. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री कामगारांना २००० साली प्रसूतीरजेचा हक्क मिळाला, तोही त्यांच्या युनियनने प्रश्न हाती घेतला म्हणून. आणि २०२५ मध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील करारावरील सहायक प्राध्यापकांना, ज्यांना महिना ३० हजार मिळत होते आणि ज्यांच्या नियमित सहकाऱ्याचे वेतन लाखाच्या वर होते, त्यांना वेतनश्रेणीतील किमान वेतन द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. एकत्र येऊन झगडणाऱ्यांच्याच वाट्याला असे निकाल येतात.

येथे कायम सेवकांच्या संघटनांना चार कटू शब्द सांगितले पाहिजेत. अनेक ठिकाणी त्यांची घटनाच कंत्राटी माणसाला सभासद होऊ देत नाही. आपले वेतन, आपली बढती, आपले निवृत्तिवेतन एवढ्यावर त्यांची दृष्टी थांबते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले. मार्च २०२३ मध्ये राज्यभर त्यासाठी संप झाला, तो योग्यच होता. परंतु ज्याला निवृत्तीच नाही, कारण ज्याला नोकरीच नाही, त्याच्यासाठी त्या घोषणांत किती जागा होती? निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कायम कारकुनाच्या खुर्चीत जर कंत्राटी माणूस बसवला जाणार असेल, तर उद्या संघटनेला सभासद कोठून मिळणार? परोपकाराचे आवाहन मी करीत नाही. हा सरळ हिशेब आहे. आणि या हिशेबाला जातीचीही एक बाजू आहे. विद्यापीठाच्या आवारात झाडू कोणाच्या हाती आहे आणि खडू कोणाच्या हाती, हे डोळे उघडून पाहा. खडूवाल्याने झाडूवाल्याला भाऊ म्हणावयाचे नसेल, तर समतेवरील त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांनी का ऐकावीत?

एक परदेशी दाखला

अमेरिकेतील येल विद्यापीठात १९८३ मध्ये लिपिक व तंत्रज्ञ सेवकांनी, ज्यांत फार मोठा भाग स्त्रियांचा होता, मतदान करून युनियन स्थापली. सुमारे २६०० सेवकांमध्ये बहुमत केवळ ३९ मतांचे होते. विद्यापीठ श्रीमंत, प्रतिष्ठित. ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे म्हणणारे. युनियनने विचारले, कुटुंबातील बायकांच्या कामाचे मोल एवढे कमी का? सप्टेंबर १९८४ मध्ये संप झाला, तो दहा आठवडे चालला. त्या विद्यापीठाच्या देखभाल कामगारांची, म्हणजे सुतार, गवंडी, स्वयंपाकी यांची, दुसरी जुनी युनियन होती. तिच्या सभासदांनी संपकऱ्यांची फळी ओलांडण्यास नकार दिला. अनेक प्राध्यापकांनी आपले वर्ग आवाराबाहेर, चर्चमध्ये व चित्रपटगृहांत घेतले. जानेवारी १९८५ मध्ये करार झाला. ३९ मतांच्या बहुमताने जन्मलेली संघटना टिकली, कारण शेजारच्या माणसाने तिला एकटे पडू दिले नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप: संघटनेमुळे विद्यापीठात राजकारण शिरते. मित्रहो, कुलगुरूंच्या नेमणुकीत राजकारण असते, व्यवस्थापन परिषदेत असते, बांधकामाच्या निविदांत असते. वरच्यांचे राजकारण प्रशासन म्हणून ओळखले जाते. खालच्याने तोंड उघडले की तेवढे राजकारण ठरते.

दुसरा आक्षेप: पुढारी स्वार्थी असतात. काही असतात. त्यावर उपाय संघटना सोडणे नव्हे, तर तिच्या वार्षिक सभेला जाणे, हिशेब मागणे, मुदतीत निवडणूक घ्यावयास लावणे. वर्गणी देऊन घरी बसणाऱ्याला तक्रारीचा अर्धाच अधिकार असतो.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही, पण वागण्यातून तो दिसतो: संघटनेने मिळवलेला लाभ मला तसाही मिळणारच, मग वर्गणी का द्यावी? नव्या संहितेने या चतुराईची किंमत वाढवली आहे. एकाहून अधिक संघ असतील तेथे ५१ टक्के सभासद असलेल्या संघाशीच वाटाघाटी होणार. तेवढे बळ कोणाचेच नसेल तर किमान २० टक्के सभासद असलेल्या संघांची परिषद बसणार. संपाला १४ दिवसांची पूर्वसूचना हवी. निम्म्या सेवकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप समजला जाणार. अशा स्थितीत बाहेर राहिलेला प्रत्येक माणूस तटस्थ राहत नाही; त्याचे वजन आपोआप समोरच्या पारड्यात पडते. एकाच विद्यापीठात चार-चार संघटना काढून एकमेकींचे सभासद पळवणाऱ्या पुढाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

चौथा आक्षेप प्रामाणिक आहे: विद्यार्थ्यांचे काय? त्याचे उत्तर असे, की तीन वर्गांना मिळून एक अध्यापक, वर्षानुवर्षे रिकामी पदे, प्रयोगशाळेत परिचर नाही, निकाल लावावयास माणसे नाहीत, यांनी विद्यार्थ्यांचे जे रोजचे नुकसान होते ते कोणत्याही संपाने होणाऱ्या नुकसानीहून मोठे आहे. फक्त ते निमूटपणे होते, म्हणून त्याची बातमी होत नाही. संघटनेने आपल्या मागणीपत्रात वेतनाइतकेच रिक्त पदांना स्थान दिले, तर विद्यार्थी तिचा शत्रू राहणार नाही.

आणि स्वातंत्र्याचीही एक बाब आहे. उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी युनेस्कोने १९९७ मध्ये केलेल्या शिफारशीत विचारस्वातंत्र्य आणि संघटनेचे स्वातंत्र्य ही दोन्ही बरोबरीने मांडली आहेत. ते योग्यच आहे. ज्याची नेमणूक दर सहा महिन्यांनी नूतनीकरणाला जाते, तो वर्गात निर्भयपणे बोलेल कसा?

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात एवढेच. येथून जाताना सभासदत्वाचा अर्ज भरा. ज्या संघटनेच्या घटनेत कंत्राटी व तासिकेवरील सेवकांना दार बंद आहे, तिच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ते कलम बदलण्याचा ठराव मांडा. कार्यकारिणीत स्त्रियांना नामधारी नव्हे, पदाधिकारी म्हणून घ्या. आणि प्रत्येक विभागात आरोपपत्र वाचता येईल, वेतननिश्चिती तपासता येईल असा एक तरी कार्यकर्ता तयार करा. पहिला ठराव कोण मांडणार, हे आजच, या सभागृहातून उठण्यापूर्वी ठरवा.